पहिली गिटार कशी निवडली? : अनुभव धागा

पहिली गिटार घेताना आपण काय पाहिले, काय पाहायचे राहून गेले आणि त्याचा पुढे काय त्रास झाला, हे सोलापूरकरांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो. नवी पेठेतील एका दुकानात टांगलेली काळी चकचकीत गिटार मी निव्वळ रंगावर भाळून घेतली. घरी शाळेतल्या पट्टीने मोजले, तेव्हा बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तारा ४ मिलिमीटरहून वर होत्या. पोलादी तारांच्या गिटारीवर हे अंतर साधारण २ ते २.५ मिलिमीटर असावे, हे मला तीन महिन्यांनी समजले. तोवर एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरसमूह) वाजत नाही म्हणून मी आपल्याच बोटांना दोष देत बसलो होतो. पुढे कारागिराने ब्रिजवरची, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या खालच्या लाकडी तुकड्यावरची, हाडासारखी पांढरी पट्टी काढून खालून घासली आणि तीच गिटार हाताला निम्मी हलकी झाली.

जुळे सोलापूर येथील एक पालक : मुलगी नऊ वर्षांची असल्याने आम्ही पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. नायलॉनच्या तारांचा ताण पोलादी तारांच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे बोटे सोलवटली नाहीत. मात्र मोठ्यांसाठी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, की पूर्ण आकाराच्या क्लासिकल (नायलॉनच्या तारांच्या) गिटारीची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते आणि पोलादी तारांच्या गिटारीची ४३च्या आसपास, म्हणून लहान पंजाच्या माणसाला मऊ तारा मिळाल्या तरी मान मुठीत मावत नाही.

होटगी रोडवरून : माझी चूक लिहायलाही लाज वाटते. मामेभावाची जुनी नायलॉनची गिटार मिळाली होती. तिचा आवाज दबका वाटला म्हणून मी तिच्यावर पोलादी तारा चढवल्या. आठवड्याभरात ब्रिजखाली नख जाईल एवढी फट पडली आणि एका दुपारी ब्रिज वरच्या फळीचा पापुद्रा घेऊनच उखडला.

अशोक चौक परिसरातून : गाव सोडून निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून मी जुनी गिटार घ्यायला गेलो, तेव्हा वडील, आमचे आबा, सोबत होते. त्यांचे आयुष्य चादरीच्या मागावर गेलेले. गिटारीतले त्यांना काही कळत नाही, असा माझा समज होता. मी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून कुठे खरखर येते का ते पाहिले, बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर जुळतात का, हेही तपासले. आबांनी मात्र गिटार उभी धरून मानेच्या कडेवरून अंगठा खाली नेला, मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘‘इथं सूत अडकेल रे.’’ कोरड्या हवेत मानेचे लाकूड आकसते, धातूच्या फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके बाहेर येतात, हे कारण मला नंतर समजले. किंमत पाचशे रुपयांनी उतरली आणि टोके आबांनीच बारीक कानशीने घासून दिली.

विजापूर रोडवरून : उन्हाबद्दल लिहितो, कारण इतर गावांतील सल्ले येथे अपुरे पडतात. चाळिशी ओलांडलेल्या मे महिन्यातील दुपारी मी गिटार बंद गाडीत ठेवून लग्नाला जेवायला गेलो. परतल्यावर मान पुढे वाकलेली होती. मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) असल्यामुळे तो पाव-पाव फेरा आवळून मान बरीचशी सरळ करता आली. म्हणून स्वस्तातली गिटार घेताना ट्रस रॉड आहे का, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. आता उन्हाळ्यात लाकूड कोरडे पडू नये म्हणून गिटार ठेवायच्या पेटीत भोके पाडलेली साबणाची डबी आणि तीत घट्ट पिळलेला ओला स्पंज असतो. डबीवरचे झाकण निसटून एकदा गिटारीला चंदनाचा वास लागला होता, तो अजून गेलेला नाही.

रेल्वे लाइन्समधून : मी थेट इलेक्ट्रिक घेतली. तारा बारीक, बोटांना सुख. पण अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च धरलाच नव्हता. सध्या कपाटाच्या दाराला गिटारीचे डोके टेकवून वाजवतो, म्हणजे लाकडातून थोडे तरी ऐकू येते.