मदत हवी आहे: शीटचं नाव मराठीत असलं की चार्टचा मॅक्रो अडतो (एक्सेल)

नमस्कार मंडळी,

गावच्या दूध संस्थेचं संकलन मी एक्सेलमध्ये ठेवतो. महिन्याला एक शीट: जानेवारी, फेब्रुवारी अशी. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये लिटर. महिनाअखेरीस त्याचा चार्ट काढून प्रिंट फलकावर लावतो. दूध घालायला आलेली माणसं थांबून तो बघतात, म्हणून तो वेळेवर आणि बिनचूक लागावा असं फार वाटतं.

जानेवारीचा चार्ट काढताना मॅक्रो (केलेलं काम आपोआप पुन्हा करणारा कोड) रेकॉर्ड केला. तेव्हा चार्ट नीट आला. पण मॅक्रो पुन्हा चालवला की 'रनटाइम एरर 9, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. डीबग केलं तर शीट निवडायची ओळ पिवळी, आणि त्यात 'जानेवारी'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! ती ओळ उडवली तर पुढे सेटसोर्सडेटावर (चार्टला डेटा देणारी ओळ) एरर 1004. तिथेही तीच प्रश्नचिन्हं. एडिटरला मंगल फॉन्ट लावून पाहिला, फरक शून्य.

इंग्रजी अक्षरांत नाव दिलं की मॅक्रो सुरळीत चालतो. पण फाईल सचिव आणि संकलनावरची मुलंही वापरतात, त्यांना मराठीच सोयीचं. नावं मराठी ठेवून, शीर्षकही मराठीत देऊन हे जमेल का? ऑफिस 2016, विंडोज 10.

उत्तर:

दोष फॉन्टचा नाही. व्हीबीएचा, म्हणजे मॅक्रोच्या भाषेचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) नाही, तो विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (ठरावीक लिप्यांच्या अक्षरांचा तक्ता) चालतो. देवनागरीसाठी तसं कोड पेजच नाही, त्यामुळे अक्षरं कोडमध्ये शिरतानाच प्रश्नचिन्हं होतात. मग एक्सेल '????' नावाची शीट शोधत बसतं, ती सापडणार कुठून? दोन्ही एरर त्यातूनच येतात. सेलमधला मजकूर आणि शीटचं नाव मात्र युनिकोडमध्येच असतं, मॅक्रो ते जसंच्या तसं उचलतो.

तेव्हा कोडमध्ये मराठी अक्षर लिहूच नका. हव्या त्या महिन्याची शीट समोर ठेवा आणि मॅक्रोत सुरुवातीलाच ॲक्टिव्हशीट (म्हणजे समोरची शीट) 'सेट' लिहून एका व्हेरिएबलमध्ये धरा. 'सेट' राहिलं तर एरर 91 येईल. रेंज त्याच व्हेरिएबलवरून द्या. शेवटची ओळ ए कॉलमच्या तळापासून 'एंड एक्सएलअप'ने शोधा, म्हणजे फेब्रुवारीत दिवस कमी असले तरी अडत नाही. शीर्षक एच1 मध्ये लिहून ठेवा आणि चार्टटायटलला त्या सेलची व्हॅल्यू द्या. त्याआधी हॅजटायटल ट्रू करा (चार्टला शीर्षक आहे असं सांगा), नाहीतर पुन्हा एरर.

जुना चार्ट आधी काढून टाका, नाहीतर दर वेळी एकावर एक चढत जातील. पण चार्टऑब्जेक्ट्सचा काउंट शून्याहून जास्त असेल तरच डिलीट करा. शीटवर चार्टच नसेल तर ती ओळही एरर देते.

धागाकर्ता:

चाललं! मनापासून आभार. एच1 ऐवजी शीर्षकात थेट शीटचं नाव घेतलं, 'फेब्रुवारी' अगदी स्वच्छ उमटलं. आता उभ्या अक्षावरचं 'लिटर'ही सेलमधूनच उचलतो.