मैफलीनंतर सकाळपर्यंत गुणगुणणारे कान

प्रश्न: आमचा सहा मित्रांचा गट दर शनिवारी एकाच छोट्या सभागृहात बँड ऐकायला जातो आणि आता वादकही आमचे मित्र झाले आहेत, मात्र परतल्यावर सकाळपर्यंत कान गुणगुणतात. कोणाचे मन न दुखावता काय करावे?

उत्तर १: याकडे दुर्लक्ष करू नका. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सुरक्षित मानला, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. संगीतासाठीचे इयरप्लग वापरा.

उत्तर २: मी स्वतः ड्रम वाजवतो. पहिल्या रांगेतला मित्र इयरप्लग घालून पायाने ठेका धरतो, तेव्हा मला मनापासून आनंदच होतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल स्पीकरपासून दूर उभे राहिलो, तर गाण्याचे शब्दही प्रथमच नीट कळले.