शब्दचर्चा : छातीवर बसणाऱ्या स्वप्नाला काय म्हणावं?

जळगावहून प्रश्न

भाच्याने परवा ब्लॅक मेटलचा एक अल्बम ऐकवला. (व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या अल्बमचं नावच पुढे या संगीतप्रकाराला पडलं.) विषय ग्रीक पुराणकथा आणि रात्रीची वाईट स्वप्नं. गिटारच्या तारा इतक्या वेगाने छेडतात की सुटे सूर कळेनासे होतात, नुसती घरघर उरते; खाली ड्रमचा अखंड मारा आणि वर घसा फाटेस्तोवर किंकाळ्या. ऐकताना अंगावर काटा आला. त्यावर चार ओळी लिहायला बसलो आणि अडलो. त्या गळ्याला काय म्हणू? भयानक, भयाण, भीषण की भेसूर? शिवाय ‘नाइटमेअर’ला ‘दुःस्वप्न’ लिहून समाधान होत नाही.

धुळ्याहून उत्तर

भाऊ, गळ्याला ‘भेसूर’च लिहा.

‘भयानक’ मोठ्या घरचा शब्द, भरताच्या आठ रसांतला एक. पण आपण ‘भयानक गर्दी’, ‘भुसावळचं भयानक ऊन’ म्हणून म्हणून तो पार झिजवला. ‘भीषण’ घटनेला लागतो : आग, अपघात, दुष्काळ. ‘भयाण’ जागेला आणि शांततेला, म्हणजे पडका वाडा किंवा भर दुपारचा माळ. आसपास कुणीच नाही, ही भीती त्यात आहे. अल्बममध्ये कुठे शांत तुकडा असेल तर त्याला खुशाल भयाण म्हणा.

‘भेसूर’ मात्र चेहऱ्याचा आणि आवाजाचा शब्द. ओळखीचीच गोष्ट बिघडून समोर आली की ती भेसूर. रात्री कुत्रं भुंकलं तर कुणी भेसूर म्हणत नाही. तेच कुत्रं तोंड वर करून रडायला लागलं की म्हणतो. माणसाचाच गळा, पण माणसाचा वाटत नाही. तुम्ही ऐकलंत ते हेच.

आता ‘दुःस्वप्न’. संस्कृतात त्याचा रोख अपशकुनावर आहे. स्वप्न पडून गेलं, आता त्याचं फळ काय मिळणार, ही उद्याची भीती. नाइटमेअरची भीती त्याच क्षणाची. त्यातल्या ‘मेअर’चा घोडीशी संबंध नाही, झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या पिशाच्चाचं ते जुनं नाव. ग्रीक शब्दही तसाच, एफिअल्टीस. ‘अंगावर झेप घेणारा’ अशी त्याची फोड करतात आणि आजच्या ग्रीकमध्येही वाईट स्वप्नाला हाच शब्द आहे. हेसिओड या प्राचीन ग्रीक कवीने सांगितलेल्या देवांच्या वंशावळीत तर निद्रा, मृत्यू आणि स्वप्नं ही सगळी एकाच आईची, न्युक्स म्हणजे रात्रीची, लेकरं. अल्बमवाल्यांना विषय दूर शोधावा लागला नसणार.

आपल्याकडे याला नाम नाही, पण क्रियापद आहे. लहानपणी मी झोपेत ओरडून उठलो की आजी उशाखाली अडकित्ता सरकवायची आणि विचारायची, “तुना आंगवर काय बठेल व्हतं रे, भाऊ?” स्वप्नात काय दिसलं हे तिने कधीच विचारलं नाही. अंगावर काय बसलं होतं, एवढंच.

अमळनेरहून

आजींचं बरोबर आहे. डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर ओझं वाटतं. झोपेत स्नायू सैल पडलेले असतात. जाग आली तरी ते क्षणभर तसेच राहतात आणि स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. काही जण ‘दडपण’ सुचवतील, पण तो शब्द आता परीक्षेने आणि साहेबाने घेतला. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या मनावरच्या कवितेत देवालाही जागेपणीच ‘सपन’ पडतं. नाम हवंच असेल तर हे आपलं ‘सपन’ घ्या आणि आजींचं क्रियापद त्याला जोडा.

जळगावहून

दोघांचे मनापासून आभार. गळ्याला ‘भेसूर’ लिहिलं. भाच्याला विचारून मथळा दिला : ‘आंगवर बठेल सपन’.