मदत हवी आहे : अमेरिकी संरक्षण खात्यातील बिनपगारी सक्तीची रजा

नमस्कार. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यांच्या बिनपगारी सक्तीच्या रजेवर मी टिपण लिहीत आहे. मार्च २०१३ मध्ये सरसकट खर्चकपात लागू झाली, पण सैनिकांचे वेतन तीतून वगळल्याने भार मुलकी नोकरांवर आला. संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी जाहीर केलेले रजेचे ११ दिवस पुढे ६ वर आले. ऑक्टोबरमधील शटडाऊनचे, म्हणजे सरकारी कामकाज बंद पडण्याचे, कारण निराळे, निधीला मंजुरीच नव्हती, आणि तेव्हाचा बुडालेला पगार नंतर मिळाला. कपातीतील मिळाला नाही, हे मला अन्यायकारकच वाटते. नौदलाच्या गोद्यांतील कामगारांना त्या कपातीच्या रजेतून सूट नेमक्या कोणत्या निकषावर मिळाली आणि त्याविषयीचे मूळ आदेश कोठे वाचता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.