मदत हवी आहे: फ्लॅटची जाहिरातीतली किंमत ६८ लाख, कॉस्ट शीट ८३ लाखांच्या वर. यातलं काय टाळता येतं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी पुण्यात घर बघतोय. बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पाच्या होर्डिंगवर टू बीएचकेची किंमत ६८ लाख दिली आहे, शेजारी बारीक चांदणी. साइट ऑफिसला गेल्यावर तासाभराने कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या खर्चांचा तक्ता, हातात पडली. बिल्डरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अनुभव बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हाच आहे.

आधी सरकारी आकडे. ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ४० हजार, ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार. एकट्या बहिणीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळेल, पण मेहुण्यांचं नाव सोबत हवंय, त्यामुळे ती जाते. हे कर आम्हाला माहीत होते आणि ते भरायला तक्रारही नाही.

खरा प्रश्न पुढच्या ओळींचा आहे. कव्हर्ड पार्किंग साडेतीन लाख. इन्फ्रास्ट्रक्चर, महावितरण आणि लीगल चार्जेस मिळून दोन लाख. चोवीस महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी. वरचा मजला हवा असेल तर फ्लोअर राइज वेगळा, तो मी अजून धरलेलाच नाही.

बिल्डरांची बाजू मी समजू शकतो: मुद्रांक शुल्क सरकार ठरवतं, खरेदीदार कोण यावर ते बदलतं, मग जाहिरातीत कसं छापणार? ठीक आहे, ते वेगळं दाखवा, पण ठळक दाखवा. वीजजोडणी, पार्किंग, लीगल हे आकडे मात्र बिल्डरने स्वतः ठरवलेले आहेत. होर्डिंग छापताना ते त्याला ठाऊक असतात. वीजजोडणीशिवाय फ्लॅट कोणी घेतं का? जे घेतल्यावाचून ताबाच मिळत नाही, ते मूळ किमतीच्या बाहेर ठेवायला कारण उरत नाही. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सर्व करांसहित किंमत छापणं बंधनकारक आहे. आयुष्यभराची कमाई जिथे घालायची, तिथे ग्राहकाला निदान तेवढं तरी मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

याचा फटका कुठे बसतो तेही सांगतो. बँक मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरत नाही, म्हणजे पाच लाख रोखच उभे करायचे. बिल्डरच्या इतर आकारांपैकीही काही बँक धरते, काही नाही. बहिणीने ६८ लाखांवर २० टक्के स्वतःचे असा हिशेब करून पैसे जमवले होते. जाहिरात वाचून केलेलं सगळं नियोजन तिथेच कोलमडलं.

माझे प्रश्न:

१. जाहिरातीत महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड लागतो हे माहीत आहे, आणि या होर्डिंगवर दोन्ही आहेत. पण पूर्ण किंमत दाखवलीच पाहिजे असा रेरा कायद्यात काही नियम आहे का?

२. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत 'ड्रिप प्रायसिंग' आहे, म्हणजे सगळी किंमत सुरुवातीला न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणं. ते होर्डिंगला लागू पडतं का, की फक्त वेबसाइट-ॲपला? याच आधारावर बिल्डरविरुद्ध कोणी दाद मागितली आहे का?

३. उघडं पार्किंग विकता येत नाही, पण हे कव्हर्ड आहे. नको म्हटलं तर ते वगळता येतं का? सेल्सवाले म्हणतात, 'पॅकेजमध्येच आहे.' पॅकेजमध्ये आहे तर ६८ मध्ये का नाही?

४. इन्फ्रा-लीगलमध्ये घासाघीस कोणाला जमली आहे का? किती कमी झालं?

५. आगाऊ मेंटेनन्सचा हिशेब सोसायटी झाल्यावर बिल्डरकडून कसा मागायचा?

दोन लाखांची बुकिंग रक्कम मागतायत आणि ती परत मिळणार नाही असं फॉर्मवर लिहिलंय. दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही, पण दोन लाख त्या मर्यादेच्या आतच बसतात. रविवारी ऑफर संपते असा रोज फोन येतोय. ज्यांनी गेल्या एक-दोन वर्षांत पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये बुकिंग केलंय, त्यांनी आपल्या कॉस्ट शीटमधल्या ओळी (नावं खोडून) इथे टाकल्या तर तुलना करता येईल. उत्तरं आल्याशिवाय बहिणीला चेक देऊ देणार नाही.