पहिल्याच वर्षात अपघात झाले, मग ट्रकवर पुन्हा काम कसं मिळालं? तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत ट्रक चालवणारी मराठी माणसं तशी थोडी. तरी गेल्या वर्षभरात मला एकाच धाटणीचे बरेच निरोप आले. लायसन नवं, पहिल्या काही महिन्यांत दोन-तीन 'प्रिव्हेंटेबल' म्हणजे टाळता आले असते असे अपघात, कंपनीनं काढून टाकलं, आता कुणी फोनही उचलत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी इथे लिहावं. कंपनीचं नाव नको. काय धडकलं, अर्जात काय लिहिलं आणि स्टिअरिंग परत हातात कसं आलं, तेवढं खरं लिहा. सुरुवात मी करतो.

सात महिन्यांत माझे तीन अपघात झाले. पहिला ट्रक स्टॉपवर. पहाटे निघताना ट्रेलर पुरता बाहेर यायच्या आधीच मी उजवीकडे वळवली. ५३ फुटी ट्रेलरचा मागचा कोपरा डावीकडे फिरला आणि शेजारच्या ट्रकचं बॉनेट फाटलं. आत माणूस झोपला होता. तो दचकून उठला, तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरा एका गोदामात, रिव्हर्स घेताना. उजव्या बाजूचं काही दिसत नव्हतं, खाली उतरून बघायला हवं होतं. पाऊस होता म्हणून उतरलो नाही, आणि उभ्या ट्रेलरचा दिवा फोडला. तिसरा शहरात: उजवं वळण घेताना मागची चाकं पदपथावर चढली आणि पाटीचा खांब वाकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तिसऱ्यानंतर दोन दिवसांत मला ट्रक जमा करायला सांगितलं.

पुढचे अडीच महिने फक्त अर्ज. मोठ्या कंपन्यांचे ऑनलाइन फॉर्म अपघातांचा आकडा टाकला की तिथेच थांबायचे, माणसापर्यंत पोचायचेच नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, आधी स्वतःचा डॅक रिपोर्ट मागव. जुन्या कंपनीनं तुमच्याबद्दल काय नोंदवलंय ते त्यात असतं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टमध्ये तीनऐवजी चार नोंदी होत्या! चौथी होती ट्रेलरचा टायर फुटल्याची, तीही अपघात म्हणून. मी लेखी हरकत घेतली, टायर बदलल्याची पावती जोडली. अशा हरकतीची चौकशी साधारण ३० दिवसांत करावी लागते, तो कायदाच आहे. नोंद गेली. तीन उरल्या, त्या माझ्याच होत्या.

काम मिळालं ते यार्डात. रस्त्यावर जायचं नाही, दिवसभर ट्रेलर उचलायचे आणि डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला, लावायचे. पगार कमी होता, आणि ट्रकवाला म्हणून कमीपणाही वाटायचा. पण लांबच्या फेरीवर दिवसाला दोनदा रिव्हर्स घेत होतो, इथे एका पाळीत पन्नास-साठ वेळा. आरशात ट्रेलर कुठे सरकतोय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. दर वेळी उतरून बघायची सवयही तिथलीच. नऊ महिने एकही ओरखडा नाही. मग त्याच यार्डात माल आणणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या मालकानं स्वतःहून विचारलं. त्यानं मला रोज बघितलं होतं, त्याला रिपोर्ट वाचायची गरजच पडली नाही.

—

मी लपवलं होतं, म्हणून लिहितोय.

माझे दोन अपघात होते. एक लहान होता, कंपनीनं पैसेही कापले नव्हते, म्हणून धरलं की नोंद नसेल. अर्जात गेल्या तीन वर्षांतले सगळे अपघात लिहायचे असतात. मी एकच लिहिला. निवड झाली, ओरिएंटेशनला बोलावलं, हॉटेल दिलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका बाईंनी बाजूला घेतलं आणि कागद पुढे ठेवला. दुसऱ्या अपघाताची तारीखवार नोंद होती त्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा लिहिला असतास तरी आम्ही तुला घेतलंच असतं." संध्याकाळच्या बसचं तिकीट हातात दिलं. अकरा तासांचा प्रवास होता. बायकोला फोन करायला मला सहा तास लागले.

पुढच्या प्रत्येक अर्जात मी दोन्ही लिहिले, ते बाईंचं वाक्य ऐकलं म्हणूनच. चार महिन्यांनी काम मिळालं.

—

माझं प्रकरण वरच्यांपेक्षा जड आहे. वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८०, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधला पट्टा, फेब्रुवारी. ज्यांनी तो हिवाळ्यात चालवलाय त्यांना तिथला वारा ठाऊक आहे. ट्रेलर जवळजवळ रिकामा होता. पुढे दिवे दिसले, मी ब्रेक दाबला आणि ट्रेलर आडवा येऊन ट्रकची घडी झाली. मला काही झालं नाही. ट्रक ओढून न्यावा लागला. आणि ओढून न्यावा लागला की तो अपघात केंद्रीय व्याख्येत बसतो. मृत्यू, जागेवरून हलवून उपचार घ्यावे लागतील अशी इजा, किंवा मोडलेली गाडी ओढून नेणं, यातलं एक पुरे. मग तो पीएसपी अहवालात, म्हणजे सरकारकडच्या ड्रायव्हरच्या नोंदीत, पाच वर्षं दिसतो. दिवा फोडण्यात आणि यात हा फरक आहे, नव्या मुलींनो लक्षात ठेवा.

प्रत्येक मुलाखतीत मी म्हणायचे, "बर्फ होता, माझ्या हातात काही नव्हतं." मला ते मनापासून खरं वाटायचं. एका ठिकाणी सेफ्टीचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "थांबू नकोस असं तुला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नव्हतं सांगितलं. नियम तर उलट आहे: रस्ता फारच धोक्याचा झाला तर गाडी चालवणं बंद करायचं. मी त्या दिवशी दोन ट्रक स्टॉप मागे टाकले होते. दोन्हींत जागा होती. उशीर झाला तर डिस्पॅचर (कंपनीत फेऱ्या लावून देणारा) काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं.

त्या गृहस्थांनी मला घेतलं नाही. पण त्या प्रश्नानंतर माझं उत्तर बदललं. पुढच्या मुलाखतीत मी ते दोन ट्रक स्टॉप सांगितले, आणि आता वाऱ्याचा अंदाज, ट्रेलरचं वजन बघून थांबायचा निर्णय कसा घेते तेही सांगितलं. काँक्रीट मिक्सरवर घेतलं मला. रोज घरी परत. दोन वर्षं झाली.

—

नवे ड्रायव्हर एका शब्दावर अडतात, म्हणून थोडक्यात लिहितो. मी आता एका मध्यम कंपनीत सेफ्टीचं काम बघतो, त्याआधी नऊ वर्षं गाडीवर होतो.

'चूक कुणाची' आणि 'प्रिव्हेंटेबल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक पोलीस आणि विमावाले ठरवतात. प्रिव्हेंटेबल म्हणजे सावध ड्रायव्हरला तो टाळता आला असता का, आणि ते कंपनी ठरवते. म्हणून पोलिसांनी चिठ्ठी न फाडताही तुमच्या नावावर प्रिव्हेंटेबल लागू शकतो. फोनवर "पण दंड झालाच नाही" असं कुणी भांडायला लागलं की मी हळूच पुढच्या अर्जाकडे वळतो. वाईट वाटतं, पण वळतो.

आकड्याइतकंच अपघात कसले आणि कधीचे हेही आम्ही बघतो. तीनही रिव्हर्सचे आणि पहिल्या सहा महिन्यांतले असतील तर ते शिकून बरं होण्याजोगं दुखणं आहे. पुढच्या गाडीला मागून ठोकली असेल तर हात आखडतो. आणि बऱ्याचदा नकार आमचा नसतोच, विमा कंपनीचा असतो. छोट्या कंपन्यांना वाटलं तरी विमावाला दोन वर्षांचा अनुभव मागतो. म्हणून फोनवर आधी एवढंच विचारा, "तुमचा विमा मला मान्य करेल का?" त्यानं महिनाभराची वणवण वाचते.

जुनी कंपनी चुकीचं कळवत असेल तर हक्क आहेत. नव्या कंपनीनं मागवलेली माहिती बघायला मागता येते, ती दुरुस्त करायला सांगता येते. जुनी कंपनी ऐकत नसेल तर आपलं म्हणणं लेखी जोडता येतं. मात्र ही मागणी लेखी करावी लागते, आणि कामावर घेतल्यापासून किंवा नाकारल्यापासून ३० दिवसांच्या आत. मुदत चुकवू नका.

—

वर सेफ्टीवाल्या भाऊंनी लिहिलंय त्याची दुसरी बाजू. मी सिग्नलला उभा होतो, मागून कार येऊन ट्रेलरखाली घुसली. कार ओढून नेली, म्हणजे नोंद माझ्याही पीएसपीवर. नोंदीत दोष कुणाचा ते लिहिलेलं नसतं. सहा ठिकाणी "अपघात आहे" म्हणून नकार.

केंद्रीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा यासाठी एक कार्यक्रम आहे, २०२० पासून कायमस्वरूपी. मागून धडक बसणं त्यातल्या ठरलेल्या प्रकारांत येतं. पोलिसांचा अहवाल जोडून डेटाक्यूज या त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. ड्रायव्हर स्वतः करू शकतो, कंपनीची वाट बघायची गरज नाही. अपघात अहवालातून पुसला जात नाही, पण त्याच्यापुढे 'टाळता येण्याजोगा नव्हता' असं येतं. मला त्याला काही महिने लागले. त्या ओळीवर पुढची नोकरी मिळाली.

—

एक सावधगिरी. सगळीकडून नकार आले की एक गोड फोन येतो, "तुमचे अपघात चालतील, ट्रक भाडेखरेदीवर घ्या, स्वतःचे मालक व्हा." मी सही केली. हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती वजा जाऊन दोन आठवडे हातात शून्य, तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांचा देणेकरी. पाच महिन्यांनी ट्रक तिथेच सोडला, आणि रिपोर्टमध्ये ट्रक सोडून गेल्याची नोंद आली. अपघातांपेक्षा तीच पुढे जास्त नडली. २०२५ च्या जानेवारीत सरकारनंच नेमलेल्या कृतिगटानं अशा करारांवर बंदीची शिफारस केली, ते वाचून मला रडू आलं. कृपा करून यात पडू नका. पगारी काम कितीही हलकं असो, ते धरा.

मी नंतर बीटच्या हंगामावर गेलो. ऑक्टोबरात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या मधल्या रेड नदीच्या खोऱ्यात शुगर बीट निघतं, रात्रंदिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या. ड्रायव्हर कमी पडतात. शेतकऱ्यानं समोर बसवून गाडी चालवायला लावली, मग विचारलं, काय काय ठोकलंस? सगळं सांगितलं. हंगामानंतर त्यानं एका पानाचं पत्र लिहून दिलं. ते मी प्रत्येक अर्जाला जोडतो.

—

मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची बायको आहे. ह्यांचा दुसरा अपघात कमी उंचीच्या पुलाला झाला. ट्रेलर १३ फूट ६ इंच, आणि फोनमधला नकाशा कारचा. छताचा पत्रा सोलून निघाला. घरी आल्यावर तीन आठवडे हे बोललेच नाहीत. मुलगा विचारायचा, बाबा कधी जाणार? मी अर्ज भरायला शेजारी बसू लागले. हे सांगायचे, मी लिहायचे. पुलाचा प्रसंग चारदा लिहून घेतला, कारण प्रत्येक वेळी ह्यांच्या तोंडून आधी नकाशाचं नाव यायचं. चौथ्यांदा हे म्हणाले, "पुलाआधी पाटी होती. मी वाचली नाही." तेच लिहिलं आम्ही.

चौदा अर्ज झालेत. एका ठिकाणी उद्या सकाळी सातला रोड टेस्ट आहे. आत्ता हे अंगणात आमच्या छोट्या गाडीभोवती फिरून टायर, दिवे तपासतायत, तोंडानं एकेक भाग म्हणत. काय होतंय ते इथेच कळवते.