"विमानतळाशेजारी राहता ना, मग आवाज सोसा" : मला हे मान्य नाही

मुक्कामपोस्ट

दुसऱ्या एका धाग्यावर सरळरेषा यांनी लिहिलं होतं : "विमानतळाजवळचं घर स्वस्तात मिळालं म्हणून घ्यायचं आणि मग आवाजामुळे किंमत पडली म्हणून भरपाई मागायची. एकदा स्वस्ताईचा फायदा घेतलात, आता दुसऱ्यांदा कशाचा?" खाली सहमतीची रांग लागली. तिथे दोन ओळी लिहून माझं समाधान होणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

हा मुद्दा एकाच माणसाला लागू पडतो. ज्याने आवाज ऐकला, तो सोसायचं ठरवलं आणि त्यापोटी कमी किमतीत घर घेतलं, त्याला. त्याला भरपाई द्या असं मी म्हणतच नाही. पण विमानतळ होता तसाच राहत नाही. नवी धावपट्टी होते, जुनी लांबवतात, उतरायचा मार्ग सरकतो, रात्रीची विमानं सुरू होतात. ज्याच्या छपरावरून आधी काही जातच नव्हतं, त्याने घर पूर्ण किमतीला घेतलेलं असतं. आवाज सुरू होतो त्या वेळी जो मालक असेल, सगळा तोटा त्याच्या गळ्यात पडतो. तो विकून गेला की पुढच्याला घर स्वस्त मिळतं, आणि तुम्ही बोट दाखवता ते या पुढच्याकडे. आधीचा मालक तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

माझ्या आईवडिलांचं हेच झालं. घर बांधलं तेव्हा विमानतळ होता, पण विमानं दुसऱ्या अंगाने जायची. धावपट्टी वाढवल्यावर ती आमच्या गच्चीवर आली. पुढे बाबांना जिना चढवेना, म्हणून घर विकून तळमजल्यावर जायचं ठरलं. बघायला आलेली माणसं पहिलं विमान गेलं की वर बघायची आणि व्यवहाराचं बोलणं तिथेच थांबायचं. अखेर हातात जे आलं त्यात लहान घरसुद्धा बसत नव्हतं.

धावपट्टीखाली जमीन गेली तर मोबदला मिळतो. कुंपणाच्या पलीकडे घर उरलं, तर फक्त आवाज. हा भेद कुठल्या न्यायात बसतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ सालीच कॉस्बी खटल्यात सांगितलं की घरावरून इतकी खाली विमानं नेणं म्हणजे जमिनीवरचा हक्क काढून घेणंच आहे. कॉस्बी या शेतकऱ्याच्या कोंबड्या घाबरून भिंतीवर आपटून मरत होत्या, त्याचा धंदा बुडाला. विमानं लष्कराची होती आणि काळ महायुद्धाचा होता, तरीही सरकारला पैसे देणं लागू झालं.

पैसे प्रवाशांकडून घ्या. सिडनीत १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर विमान कंपन्यांवर आवाजाचा कर लावून त्यातून घरांना ध्वनिरोधक खिडक्या-छपरं करून दिली. तिकिटामागे थोडेसे जास्त गेले म्हणून कुणाचा प्रवास अडत नाही.

सरळरेषा

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देतो. आईवडिलांबद्दल वाईट वाटलं, पण एका घराच्या अनुभवावरून धोरण ठरत नाही.

विमानतळामुळे त्याच भागात रस्ते येतात, नोकऱ्या येतात, हॉटेलं आणि गोदामं येतात, जमिनीचे भाव चढतात. ती वाढ परत करा असं कधी कुणी म्हणालं का? भाव चढला की माझी पुण्याई आणि उतरला की सरकारचा दोष, असं चालणार नाही. शिवाय हायवेशेजारी राहणाऱ्याचं काय? रेल्वेच्या रुळांना लागून पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचं काय? उद्या शाळा झाली, मधल्या सुट्टीत मुलं ओरडतात, त्याचेही पैसे? आणि किंमत आवाजामुळेच पडली हे ठरवणार कोण? इमारत जुनी होते, पाण्याची बोंब असते, बाजारच बसलेला असतो.

कोरा कागद

मालमत्तांच्या मूल्यांकनात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगतो.

सरळरेषा, तुम्ही म्हणता ती वजावट ब्रिटनच्या १९७३ च्या लँड कॉम्पेन्सेशन कायद्यात आहेच. त्याच कामामुळे किंमत वाढली असेल तर ती वाढ भरपाईतून कापतात. आणि तो कायदा फक्त विमानतळांचा नाही, नव्या हायवेलाही लागू आहे. तेव्हा "मग हायवेवाल्यांनाही द्याल का" याचं उत्तर तिथे पन्नास वर्षांपूर्वीच दिलं गेलं आहे.

आवाजाचा वाटा वेगळा काढता येतो. एकाच भागातले, सारख्या घरांचे पुष्कळ व्यवहार घ्यायचे, क्षेत्रफळ, वय, रस्ता यांचा परिणाम बाजूला काढायचा, उरतो तो आवाजाचा. जॉन नेल्सन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या विमानतळांवरचे असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अमेरिकेत दर डेसिबलमागे किंमत साधारण ०.५ ते ०.६ टक्के उतरते, कॅनडात त्याहून थोडी जास्त, असं निघालं. म्हणजे दहा डेसिबलचा फरक असेल तर अमेरिकेत पाच-सहा टक्के. घर कवडीमोल होतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनीही.

ब्रिटिश कायद्याची मोठी खोट वेगळी आहे. धावपट्टी, टॅक्सीवे (धावपट्टीपर्यंत जायचा विमानांचा रस्ता), विमानं उभी करायची जागा असं काही नवं बांधलं किंवा वाढवलं तरच दावा करता येतो. आहे त्याच धावपट्टीवर फेऱ्या दुप्पट केल्या तर काही नाही.

मुक्कामपोस्ट

@कोरा कागद, पाच-सहा टक्के ही सरासरी झाली. ज्याची सगळी पुंजी एकाच घरात अडकली आहे आणि त्यावर कर्जही आहे, त्याला तेवढ्यानेही घर बदलता येत नाही.

वाऱ्याची दिशा

हवाई वाहतूक नियंत्रणात काम केलं आहे. सगळे धावपट्टीवर बोलताहेत, पण अलीकडची भांडणं मार्गांची आहेत.

पूर्वी विमानं जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेच्या आणि आमच्या सूचनांच्या आधाराने यायची, त्यामुळे त्यांचे मार्ग थोडे पसरायचे. आता उपग्रहाच्या मदतीने प्रत्येक विमान जवळजवळ एकाच रेषेत येतं. इंधन वाचतं, सुरक्षितता वाढते, एकूण कमी घरांवर आवाज पडतो. पण ज्यांच्यावर पडतो त्यांच्यावर सगळाच पडतो. अमेरिकेत फिनिक्सला २०१४ मध्ये असे मार्ग बदलले, तेव्हा आधी शांत असलेल्या वस्त्यांवर अचानक रांग लागली. शहर कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये जिंकलं.

तरीही भरपाईला माझा विरोध आहे. पैसे द्यायचे ठरलं की प्रत्येक मार्ग "कुणाला किती द्यावे लागतील" यावर आखला जाईल. महागड्या बंगल्यांवरून न्यायचं तर भरपाई जास्त, म्हणून विमानं गरिबांच्या वस्तीवरून जातील.

ठिपका

ती आत्ताही तिथूनच जातात.

आणि मला कुणीतरी सांगा, ही भरपाई मालकाला, मग भाडेकरूला काय? घर ज्याच्या नावावर आहे तो दुसऱ्या शहरात राहतो. विमानाचा आवाज मी ऐकते, माझी मुलगी ऐकते. आमच्या घरमालकाला खिडक्या बसवायला अनुदान मिळालं, त्याने दुहेरी काचा बसवल्या आणि पुढच्या करारात भाडं वाढवलं. म्हणे आता घर शांत झालं. म्हणजे आवाज आधी आम्ही सोसला आणि शांततेचे पैसेही आम्हीच भरतो. मालमत्तेची किंमत, मालमत्तेची किंमत करता आहात सगळे, घरात राहणारी माणसं कुठे आहेत या चर्चेत?

सरळरेषा

ठिपका, याचा मूळ विषयाशी संबंध नाही. तुम्हाला घर बदलता येतं.

ठिपका

किती सहज लिहिलंत. मुलीची शाळा, नवऱ्याची नोकरी, नवं डिपॉझिट, सामानाचा टेम्पो, हे सगळं "बदलता येतं" या दोन शब्दांत बसवलंत.

रातकिडा

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, पाळ्या बदलत्या. मला किंमत-बिंमत काही नको. मला रात्री विमानं बंद हवीत, एवढंच.

आमच्याकडे तक्रार केली की सांगतात, सरासरी मर्यादेत आहे. सरासरी म्हणजे काय, तर दिवसभराचा आवाज चोवीस तासांत वाटून टाकायचा. मी सरासरीने जागी होत नाही. पहाटे तीनला मालवाहू विमान जातं तेव्हा जागी होते, त्या एका विमानाने. दुसऱ्या दिवशी मला रुग्णाच्या औषधाचा डोस मोजायचा असतो. सासूबाईंचा रक्तदाब आहे, त्या तर उठून बसूनच राहतात.

वाऱ्याची दिशा

@रातकिडा, सरासरी काढताना रात्रीचं विमान दहा डेसिबलने वाढवूनच धरतात. म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं मोजलं जातं. तुम्ही म्हणता तसं सरसकट वाटून टाकत नाहीत.

रातकिडा

दहा काय, शंभर धरा. कागदावर वाढवून धरल्याने माझी झोप परत येते का? तुम्ही लोक टॉवरमध्ये बसून रेषा आखता. एकदा माझ्या घरी झोपायला या.

वाऱ्याची दिशा

रात्रपाळ्या मीही केल्या आहेत, दिवसा झोपायचा प्रयत्न मीही केला आहे. टॉवरमधला माणूस तुमचा शत्रू नाही. मार्ग आम्ही ठरवत नाही, आम्ही फक्त विमानं सुरक्षित उतरवतो. आणि रात्रीच्या मालवाहू विमानात तुमच्याच हॉस्पिटलची औषधंही असतात.

रातकिडा

औषधांचं विमान उतरू द्या, त्याला मी कधीच हरकत घेणार नाही. पण त्यातल्या प्रत्येक खोक्यात औषधच असतं असं मला सांगू नका. उद्याच्या उद्या मोबाईलचं कव्हर हवं म्हणून वस्तीने जागं राहायचं? फ्रँकफर्टसारख्या प्रचंड विमानतळाला नवी धावपट्टी देताना रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद झालीच ना? तो विमानतळ बुडाला का?

कोरा कागद

फ्रँकफर्टचं बरोबर आहे. २०११ मध्ये बंदी आली, २०१२ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली.

सरासरीबद्दल रातकिडा यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत सरासरी ६५ डेसिबलची रेषा धरतात, त्यावरचा आवाज जास्त मानतात. किती आवाजाला किती लोकांना त्रास होतो हे दाखवणाऱ्या जुन्या आलेखाप्रमाणे त्या पातळीला सुमारे १२ टक्के लोकांना खूप त्रास होतो असं मानलं जायचं. २०२१ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनानेच नवं सर्वेक्षण जाहीर केलं, त्यात हा आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांसाठी ४५ डेसिबल आणि रात्री ४० ही मर्यादा सुचवली. त्यांची मोजणी थोडी वेगळी आहे, पण ६५ पासून ती किती दूर आहे ते बघा. भरपाई रेषेच्या आत मिळते, म्हणून ही रेषा कुठे काढायची यावरच खरी लढाई असते.

आणि मूळ विषयाकडे येतो. रात्रीच्या उड्डाणांवरून लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळचे रहिवासी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. हॅटन खटला. २००१ मध्ये जिंकले, २००३ मध्ये मोठ्या खंडपीठापुढे मुख्य मुद्दा हरले. त्या निकालात एक विचार असाही होता, की त्यांच्या घरांच्या किमती पडल्याचं दिसत नाही, तेव्हा ते तोटा न होता दुसरीकडे जाऊ शकतात. म्हणजे किंमत पडली हे सिद्ध करता येणं झोपेच्या लढाईतही कामाला येतं. रातकिडा, "किंमत-बिंमत नको" असं म्हणू नका.

सरळरेषा

झोपेचा मुद्दा मला पटतो. रात्रीच्या बंदीला माझा कधीच विरोध नव्हता. पण बघा, मुक्कामपोस्ट यांनी पैशांचा धागा काढला आणि बहुतेकांना पैसे नकोच आहेत, शांतता हवी आहे. भरपाई दिली की विमानतळ म्हणणार, आता पैसे दिलेत, रात्रभर उडवू.

मुक्कामपोस्ट

उलट होतं. आवाज फुकट आहे तोवर विमानतळाला शांत विमान, उशिराची फेरी, मार्ग कुठून न्यायचा, कशाचाच विचार करायची गरज नाही. प्रत्येक जादा डेसिबलचे पैसे मोजावे लागले तर रात्रीची फेरी परवडते का, हे त्यांना बघावं लागेल. ओसाका विमानतळाजवळच्या रहिवाशांना जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये मागच्या त्रासाची भरपाई दिली, पण पुढच्या त्रासाची नाकारली आणि उड्डाणं थांबवायचा आदेशही नाकारला. मागचं फेडा, पुढे चालू ठेवा, याचीच मला चीड आहे. भरपाई हवीच, आणि ती आवाज चालू आहे तोवर चालू राहायला हवी.

ठिपका, तुमचं म्हणणं मी धाग्यात घ्यायला हवं होतं. खिडक्यांचं अनुदान घेणाऱ्या मालकाला काही वर्षं भाडं वाढवता येऊ नये, ही अट त्यात असलीच पाहिजे.

सरळरेषा

बरं, एवढं देतो. नवी धावपट्टी किंवा नवा मार्ग, त्याच्या आधीपासूनचा मालक, मोजलेला आवाज, वाढीची वजावट, आणि पैसे प्रवाशांकडून. इतक्या अटी पाळल्या तर माझी हरकत नाही. पण फेऱ्या वाढल्या म्हणून द्यायला मी तयार नाही. धंदा वाढणार हे विमानतळाशेजारी राहणाऱ्याला कळायला हवं.

मुक्कामपोस्ट

फेऱ्या दुप्पट झाल्या तर सरासरी जेमतेम तीन डेसिबलने वाढते, आणि कागदावर "किरकोळ वाढ" असा शेरा पडतो. घरात मात्र दर दहा मिनिटांऐवजी दर पाच मिनिटांनी बोलणं तोडावं लागतं. ते सोडायला मी तयार नाही.

कोरा कागद

आणि "आधीपासूनचा मालक" म्हणजे कुठल्या तारखेच्या आधी? धावपट्टीची घोषणा झाली की भाव त्याच दिवशी पडायला लागतो, पहिलं विमान उतरायला पुढे किती वर्षं लागतील ते कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये तर वापर सुरू झाल्यावर आणखी एक वर्ष थांबून दावा करायचा. वापर सुरू होण्याआधीच ज्याला नाइलाजाने विकावं लागलं त्याला काहीच मिळत नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त अशीच माणसं यायची. तारीख घोषणेची धरायला हवी.

सरळरेषा

घोषणेची तारीख धरलीत तर तिची कुणकुण लागताच घोषणेच्या आदल्या आठवड्यात घरं घेऊन ठेवणारे उभे राहतील. त्यावर काय करणार ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

ठिपका

तोवर आम्ही भाडं भरतोच आहोत.